धूर मोजायचा, पण कशासाठी? रस्त्याकडेच्या एका यंत्राचा इतिहास

पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीला जाताना ‘तुम्ही काय मोजणार?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण पाठ करून जातात. ‘कशावर मोजणार?’ याचंही उत्तर तयार असतं, कारण विभागात जे यंत्र आहे त्याचं नाव सांगायचं असतं. गाडी अडते ती ‘कशासाठी मोजणार?’ या प्रश्नापाशी. मग आपण ‘प्रदूषण ही आजची ज्वलंत समस्या आहे’ असं काहीतरी म्हणतो आणि समोरचे प्राध्यापक पुढचं नाव पुकारतात.

या प्रश्नाचं वजन कळावं म्हणून आज एका यंत्राचा इतिहास सांगतो. रस्त्याच्या कडेला ठेवलेलं, धावत्या गाडीचा धूर न थांबवता मोजणारं यंत्र. इंग्रजीत याला ‘रिमोट सेन्सिंग’ म्हणतात, पण इथे उपग्रहाचा काही संबंध नाही. सुमारे चाळीस वर्षांत या यंत्राचं मूळ तत्त्व फारसं बदललेलं नाही. त्याला विचारलेला प्रश्न मात्र चार-पाच वेळा बदलला, आणि प्रश्न बदलला की ‘पुरावा’ म्हणजे काय हेही दर वेळी बदललं. माझ्या मते संशोधनाची तयारी करणाऱ्याने यातून हीच गोष्ट उचलायची.

आधी प्रयोगशाळा

सुरुवात लॉस एंजेलिसपासून. १९४० च्या दशकात त्या शहरात डोळे चुरचुरणारं धुकं पडायला लागलं. कॅलटेकमधले डच जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरणातून येणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. म्हणजे गाडीचा धूर हा थेट कायद्याचा विषय झाला.

पण कायद्याला आकडा लागतो, आणि तो आकडा कुणीही, कुठेही मोजला तरी तोच यावा लागतो. म्हणून गाडी रोलरवर चढवायची, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवायचा-कमी करायचा आणि सगळा धूर पिशवीत गोळा करून तपासायचा, अशी पद्धत आली. अमेरिकेत १९७२ च्या मॉडेलपासून वापरलेलं चक्र लॉस एंजेलिसमधल्या खऱ्या प्रवासावरून बेतलेलं होतं. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने भारतीय रस्त्यांसाठी असंच चक्र तयार केलं. १०८ सेकंदांचं एक आवर्तन, अशी सहा आवर्तनं, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. हा वेग वाचून हसू नका. त्या काळच्या शहरी वाहतुकीचं ते चित्र आहे.

या पद्धतीचा हेतू स्वच्छ होता. दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच तराजूत तोलायच्या. त्या हेतूसाठी ती आजही उत्तम आहे. मात्र पाच वर्षं वापरलेली, सर्व्हिसिंग चुकवलेली गाडी घाटात काय करते, या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे कधीच नव्हतं. कारण तो प्रश्न तिला विचारलेलाच नव्हता.

पहिला हेतू: पेट्रोल वाचवायचं

१९८७ मध्ये डेन्व्हर विद्यापीठात डोनाल्ड स्टेडमन या मूळच्या इंग्लंडमधल्या रसायनशास्त्रज्ञाने, गॅरी बिशप आणि इतर सहकाऱ्यांबरोबर एक उपकरण बनवलं. पैसे दिले होते कोलोराडो राज्याच्या ऊर्जाबचतीचं काम पाहणाऱ्या कार्यालयाने. उपकरणाचं नाव ‘फीट’, म्हणजे ‘फ्युएल एफिशियन्सी ऑटोमोबाइल टेस्ट’. नाव नीट वाचा, त्यात प्रदूषण हा शब्दच नाही. इंधन आहे.

यामागचं रसायनशास्त्र बारावीचं आहे. इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडली की कार्बन पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. हा वायू अजून जळू शकतो, म्हणजेच त्यात ऊर्जा शिल्लक आहे. सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड जातोय म्हणजे मालकाचे पैसे हवेत चाललेत. अशी गाडी शोधून मालकाला ‘बाबा रे, ट्यूनिंग करून घे’ सांगायचं, एवढाच मूळ उद्देश.

आता हे मोजायचं कसं? रस्त्याच्या एका बाजूला इन्फ्रारेड प्रकाशाचा स्रोत, दुसऱ्या बाजूला शोधक. प्रकाशाचा झोत सायलेन्सरच्या उंचीवरून रस्ता ओलांडतो. कार्बन मोनॉक्साइड साधारण ४.६ मायक्रोमीटरला प्रकाश शोषतो, कार्बन डायऑक्साइड ४.३ ला, हायड्रोकार्बन ३.४ च्या आसपास. गाडी झोत तोडून पुढे गेली की मागे राहिलेल्या धुराच्या शेपटीतून अर्धा सेकंद मोजणी होते, सेकंदाला शंभर या गतीने. म्हणजे एका गाडीमागे पन्नास बिंदू. शेजारी कॅमेरा नंबरप्लेट टिपतो.

इथे खरी अडचण येते. धूर बाहेर पडताक्षणी हवेत मिसळतो. वारा असेल तर जास्त, गाडी मोठी असेल तर वेगळ्या प्रकारे. तो किती पातळ झाला हे कळायला मार्ग नाही. मग शोषणावरून मूळ प्रमाण काढणार कसं?

स्टेडमन यांच्या गटाने ते काढायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी गुणोत्तर घेतलं. कार्बन मोनॉक्साइड दहापट पातळ झाला तर त्याच धुरातला कार्बन डायऑक्साइडही दहापटच पातळ होणार. म्हणून पन्नास बिंदू आलेखावर मांडले, आडव्या अक्षावर कार्बन डायऑक्साइड आणि उभ्या अक्षावर मोनॉक्साइड, की सरळ रेषा मिळते. तिचा चढ म्हणजे गुणोत्तर. वारा बिंदूंना रेषेवर मागे-पुढे सरकवतो, रेषेचा चढ बदलत नाही.

समजा चढ ०.१ आला. म्हणजे डायऑक्साइडच्या दहा रेणूंमागे मोनॉक्साइडचा एक. हायड्रोकार्बन क्षणभर बाजूला ठेवले तर इंधनातल्या अकरा कार्बन अणूंपैकी एक अर्धवट जळून बाहेर पडला, साधारण नऊ टक्के. सगळा कार्बन इंधनातूनच आला असल्याने हाच आकडा ‘प्रति किलो इंधन इतके ग्रॅम’ असा मांडता येतो. ‘प्रति किलोमीटर’ मात्र थेट मिळत नाही, कारण गाडीने किती इंधन खाल्लं हे झोताला दिसत नाही. ही मर्यादा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा हेतू: हिशेब तपासायचा

त्याच १९८७ साली लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस इथल्या बोगद्यात एक वेगळा प्रयोग झाला. बोगद्यात शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा तपासून आतल्या गाड्यांचं एकूण उत्सर्जन काढलं. कॅलिफोर्नियाचं तेव्हाचं संगणकीय प्रारूप जे आकडे सांगत होतं त्यापेक्षा कार्बन मोनॉक्साइड सुमारे तिप्पट आणि हायड्रोकार्बन सुमारे चौपट निघाले.

प्रारूपात गणिताची चूक असेल म्हणून लोकांनी आधी बोगद्याच्याच मोजणीवर शंका घेतली. पण पुढच्या काही वर्षांत रस्त्याकडेच्या मोजण्याही त्याच बाजूने बोलू लागल्या. प्रारूपाचे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचण्यांवर उभे होते, आणि तिथे रस्त्यावरच्या सगळ्यात वाईट गाड्या पोचतच नव्हत्या. ज्याची गाडी धूर ओकते तो माणूस आपणहून गाडी तपासायला कशाला देईल?

इथे यंत्राचा हेतू बदलला. आता कुठली एक गाडी नव्हे, तर शहराचा एकूण हिशेब बरोबर आहे का हा प्रश्न. १९९६ मध्ये सिंगर आणि हार्ले यांनी लॉस एंजेलिससाठी नेमकं हेच केलं. रस्त्यावरून मिळालेलं ‘प्रति इंधन’ उत्सर्जन गुणिले त्या भागात विकलं गेलेलं इंधन. किलोमीटरचा अंदाज लागतच नाही, आणि इंधनविक्रीची नोंद करखात्याकडे असतेच. मघाची मर्यादा इथे सोय झाली, कारण हेतू बदलला होता.

तिसरा हेतू: पकडायचं

१९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिनवूड भागात डग्लस लॉसन, स्टेडमन आणि सहकाऱ्यांनी यंत्र लावून जास्त धूर दाखवणाऱ्या गाड्या बाजूला घेतल्या आणि तिथल्या तिथे तपासल्या. साधारण दहा टक्के गाड्या निम्म्याहून अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडत होत्या. त्यातल्या अनेकांची प्रदूषण-नियंत्रणाची साधनं बिघडलेली किंवा मुद्दाम काढलेली होती.

मग सरकारी ‘स्मॉग चेक’ काय करत होता? लॉसन यांनी १९९३ च्या लेखात दाखवलं की गाडीची तपासणी परवा झाली की वर्षापूर्वी, याने रस्त्यावरच्या धुरात फारसा फरक पडत नव्हता. लोक गाडी सुधारत नव्हते, चाचणी पास होत होते. आपल्याला हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटेल.

साहजिकच पुढचा विचार असा आला की यंत्राने पकडा आणि दंड करा. अमेरिकेच्या १९९० च्या हवा-कायदा दुरुस्तीनंतर जास्त प्रदूषित भागांत रस्त्यावरच्या तपासणीची अट घातली गेली, अर्थात गाड्यांच्या अगदी छोट्या हिश्शासाठी.

पण इथे थांबून एक हिशेब करा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा हजार गाड्या गेल्या, त्यात ५० खरोखर खराब. यंत्राने त्यातल्या ४० पकडल्या. उरलेल्या ९५० चांगल्या गाड्यांपैकी फक्त २ टक्के गाड्यांवर चुकून बोट ठेवलं, म्हणजे १९. एकूण ५९ जणांना नोटीस गेली आणि त्यात १९ निर्दोष, जवळपास दर तिसरा माणूस. यंत्र ‘९८ टक्के अचूक’ असूनही.

आणि ही चूक यंत्राची असेलच असं नाही. चांगली गाडीही थंड इंजिनावर, किंवा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्याच्या क्षणी, जास्त धूर सोडते. अर्ध्या सेकंदाचा फोटो खरा असतो, पण तो त्या गाडीचा स्वभाव सांगेलच असं नाही. म्हणूनच वेग आणि त्वरणही मोजून इंजिनावरचा भार काढतात. या भाराला ‘प्रति टन किलोवॅट’ असं नेटकं रूप दिलं होसे लुइस हिमेनेझ यांनी, १९९९ च्या आपल्या एमआयटीच्या पीएचडी प्रबंधात. आज जगभर ते वापरतात. प्रबंध कपाटात धूळ खातात असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

दोन ठिकाणांनी या अडचणीतून दोन वेगळ्या वाटा काढल्या. कोलोराडोने प्रश्न उलटा केला. यंत्राने गाडी वेगवेगळ्या वेळी स्वच्छ दाखवली तर मालकाला तपासणी केंद्रावर जाण्यातून सूट. इथे यंत्र चुकलं तरी एखादी खराब गाडी तेवढी सुटते, निर्दोष माणसाला भुर्दंड पडत नाही.

हाँगकाँगने पकडायचंच ठरवलं, पण सांभाळून. तिथल्या एलपीजी टॅक्सी दिवसरात्र धावतात आणि त्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर झिजतात. सरकारने आधी स्वतःच्या खर्चाने सुमारे १७ हजार टॅक्सी आणि मिनीबसचे कन्व्हर्टर बदलून दिले. मग सप्टेंबर २०१४ पासून रस्त्यावर एकामागोमाग दोन यंत्रं लावली. दोन्हींवर गाडी जास्त दिसली तरी दंड नाही, नोटीस जाते. मालकाने १२ कामकाजी दिवसांत गाडी दुरुस्त करून रोलरवरच्या चाचणीत पास करून दाखवायची, नाहीतर परवाना रद्द. म्हणजे यंत्र संशय घेतं आणि निकाल प्रयोगशाळा देते. टॅक्सीवर पोट असलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक किती मोठा आहे, ते वेगळं सांगायला नको.

चौथा हेतू: दोष कोणाचा?

आतापर्यंत गृहीत असं होतं की नवी गाडी चांगली असते आणि मालक ती बिघडवतो. युरोपने हे गृहीत मोडलं.

झुरिकच्या प्रशासनाने २००० पासून शहराबाहेरच्या एका चढावर वर्षानुवर्षं मोजणी चालू ठेवली. लंडनमध्ये डेव्हिड कार्सलॉ आणि सहकाऱ्यांनी अशाच नोंदी तपासून २०११ मध्ये लिहिलं की पेट्रोल गाड्यांची नायट्रोजन ऑक्साइडं कमी झाली, पण डिझेल कारची पंधरा-वीस वर्षांत जवळजवळ हलली नाहीत. कागदावर मात्र याच काळात युरोपचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले होते. शहरांच्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड अपेक्षेप्रमाणे का उतरत नाही, याचं उत्तर रस्त्याच्या कडेला पडलेलं होतं.

२०१३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने गाडीच्या डिकीत मोजणीचं उपकरण ठेवून काही डिझेल गाड्या रस्त्यावर चालवल्या. लक्षात घ्या, हे रस्त्याकडेचं यंत्र नव्हे. त्यातून १८ सप्टेंबर २०१५ ला फोक्सवॅगन प्रकरण जाहीर झालं. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी करणारं सॉफ्टवेअर गाडीत होतं. दोन पद्धतींचं काम वेगळं होतं. रस्त्याकडेच्या यंत्राने लाखो गाड्यांवरून सांगितलं की काहीतरी बिनसलंय. डिकीतल्या यंत्राने दोन-तीन गाड्या हजारो किलोमीटर चालवून ते कसं, हे दाखवलं.

या हेतूसाठी एका गाडीचा एक आकडा चुकला तर बिघडत नाही. एकाच मॉडेलच्या शेकडो गाड्यांची सरासरी घेतली की थंड इंजिनं आणि अचानक दाबलेले ॲक्सिलरेटर त्यात विरघळून जातात. जो पुरावा एका टॅक्सीवाल्याविरुद्ध कच्चा आहे, तोच एका कंपनीविरुद्ध भक्कम ठरू शकतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रू’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने याच तत्त्वावर मॉडेलनिहाय तुलना लोकांसमोर ठेवली.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे नियम ११५ खाली पीयूसी आहे. पेट्रोल गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालायची आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन पाहायचे. डिझेलला गाडी उभीच ठेवून ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा पाहायचा. पीयूसीतल्या गैरप्रकारांबद्दल आपण नेहमी बोलतो. पण समजा उद्या प्रत्येक केंद्र शंभर टक्के प्रामाणिक झालं, तरी नायट्रोजनची ऑक्साइडं त्यात मोजलीच जात नाहीत. ती मुख्यतः इंजिनावर भार असताना, जास्त तापमानाला तयार होतात. उभ्या गाडीत ती शोधायला जाणं म्हणजे झोपलेल्या माणसाचा धावण्याचा वेग मोजणं.

रस्त्याकडेचं यंत्र भारतात अगदीच नवं नाही. कोलकात्यात २००९ पासून ते वापरलं गेलं. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये २०२२ च्या डिसेंबरपासून २०२३ च्या एप्रिलपर्यंत ‘ट्रू’ उपक्रमाने एक लाखाहून जास्त मोजण्या केल्या आणि २०२४ मध्ये अहवाल आला. बीएस-६ गाड्या आधीच्यांपेक्षा बऱ्याच स्वच्छ आहेत, ही चांगली बातमी त्यात आहे. व्यावसायिक गाड्या खासगी गाड्यांपेक्षा जास्त सोडतात, हेही आहे. आणि सीएनजी गाड्यांमधून नायट्रोजनची ऑक्साइडं आपण समजतो तेवढी कमी नाहीत, असंही आहे.

हा शेवटचा मुद्दा जपून वाचा. १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिल्लीच्या बस सीएनजीवर आल्या त्या डिझेलच्या काजळीवर उपाय म्हणून, आणि त्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. आता वेगळा वायू मोजला तर वेगळं चित्र दिसतं. त्यावरून ‘सीएनजी फसवं’ असा मथळा करणं म्हणजे एका हेतूसाठी केलेली मोजणी दुसऱ्याच हेतूला जुंपणं.

तुमच्या प्रस्तावासाठी

आराखडा लिहायला बसाल तेव्हा यंत्राच्या नावाआधी एक वाक्य लिहा: या मोजणीनंतर कोणाचा कोणता निर्णय बदलेल? उत्तर ‘शहराची उत्सर्जन-यादी’ असेल तर गाड्यांचा नमुना प्रातिनिधिक हवा आणि इंधनविक्रीचे आकडे हवेत. ‘मालकाला नोटीस’ असेल तर एकाहून जास्त मोजण्या आणि दुजोरा देणारी चाचणी हवी, आणि निर्दोष किती सापडतील हे आधी काढून ठेवा. ‘कंपनीची जबाबदारी’ असेल तर प्रत्येक मॉडेलच्या पुरेशा गाड्या आणि इंजिनावरच्या भाराची नोंद हवी. जागा, कालावधी आणि गाड्यांची संख्या यावरूनच ठरते.

आणि विषय शोधत असाल तर एक उघडा प्रश्न समोरच आहे. डेन्व्हरची रचना एकेरी मार्गिकेवरून एकामागून एक जाणाऱ्या कारसाठी होती. पुण्यात सिग्नल सुटल्यावर आठ दुचाकी शेजारी-शेजारी निघतात, त्यांचा धूर थोडा, सायलेन्सर खाली आणि बाजूला, आणि तो एकमेकांत मिसळलेला. अशा रस्त्यावर कोणाचा धूर कोणाचा हे सांगायचं कसं? त्यासाठी यंत्र बदलावं लागेल की मोजायची जागा, हे कोणीतरी नीट बसून तपासायला हवं. फक्त सुरुवातीला ठरवून घ्या, की ते कळल्यावर त्याचं करायचं काय.